खांबावरचा डाग

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात माजघरातून परसाकडे जाताना उजव्या हाताला एक सागवानी खांब होता. त्या खांबावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तळहाताएवढा तेलकट काळसर डाग होता. दर दिवाळीच्या साफसफाईत तो सोड्याच्या पाण्याने घासून काढला जाई आणि पौष संपेपर्यंत पुन्हा जागच्या जागी उमटलेला असे. लाकडालाच काही दोष असेल, असे समजून आम्ही त्याचा नाद सोडून दिला होता. तो डाग वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या मांजरांच्या गालांचा होता, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळले. तेव्हा वाडा सोडून गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला तीन महिने झाले होते आणि आमचा गुळ्या मरणाच्या दारातून परत आला होता.

गुळ्या 2019 च्या ऑगस्टमधला. त्या वर्षी गोदावरीला मोठा पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, आणि कुठून तरी जीव वाचवत आलेल्या एका मांजरीने आमच्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या वळकटीत तीन पिल्ले घातली. त्यातले गुळाच्या ढेपेच्या रंगाचे एक पिल्लू तेवढे आमच्याकडे राहिले. वर्षाचा व्हायच्या आत आम्ही त्याची नसबंदी करून घेतली आणि मग तो वाड्याचाच झाला. त्याचा दिवस इतका ठरलेला होता की सासूबाई त्याच्यावरून वेळ सांगत. पहाटे नळाला पाणी येण्याच्या सुमारास तो स्वयंपाकघराच्या ओट्याशी येऊन ओरडे. दूध तापत असताना साय धरण्याची वाट पाहत बसे. ऊन अंगणात उतरले की तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर जाई. दुपारी कौलांवर, आणि तिन्हीसांजेला त्या खांबाला गाल घासून माजघरात. मी हे सारे पाहत होते, पण त्याकडे सवय म्हणूनच पाहत होते. त्या फेरीवर एका जिवाचे स्वास्थ्य उभे आहे, असे माझ्या मनात कधी आले नाही.

2024 च्या दसऱ्याला आम्ही नव्या घरात आलो. गुळ्याला टोपलीत घालून, वर ओढणी बांधून आणले. पहिले दोन दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नाही, आणि ते आम्हाला साहजिकच वाटले. तिसऱ्या दिवशी रात्री तो बाहेर येऊन थोडे खाऊन गेला, तेव्हा आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. मग वीस दिवसांत दिवाळी आली. माणसाच्या कानाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात; मांजराला 60 किलोहर्ट्झच्याही पलीकडचे येतात, कारण उंदरांची बारीक चिरचिर त्याच पट्टीत असते. अशा कानांवर सोसायटीच्या आवारातल्या सुतळी बॉम्बचा आवाज कसा आदळत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही आवाज हे खरे कारण नव्हते, असे मी आज म्हणेन. वाड्यात असताना विसर्जनाच्या मिरवणुकीतला नाशिक ढोल आमच्या भिंती हादरवत असे आणि गुळ्या तो दरवर्षी सोसत असे. फरक एवढाच की तिथे ढोलाचा पहिला ठोका पडताच तो माळ्यावर, ट्रंकांच्या मागे, गाद्यांच्या वळकटीत निघून जाई आणि सगळे शांत झाल्यावर आपल्या मनाने खाली येई. फ्लॅटमध्ये निघून जाण्यासारखी जागाच नव्हती. पलंगाखाली आम्ही स्वच्छतेसाठी मुद्दाम काही ठेवले नव्हते, आणि कपाटे थेट छताला भिडलेली होती.

दिवाळीनंतर गुळ्या शांत झाला. पहाटेचे ओरडणे थांबले, ओट्याशी येणे थांबले, सायीसाठी पायांत घोटाळणे थांबले. तो दिवसभर सोफ्याच्या एका कडेला डोळे मिटून बसू लागला. नव्या घराला पाहुणे येत होते. प्रत्येक जण म्हणे, किती शहाणे मांजर आहे हो, आणि मी आनंदाने सांगे की फ्लॅटमध्ये आल्यापासून तो अगदी शहाणा झाला आहे. हे वाक्य मी किती जणांना ऐकवले, याची मोजदाद नाही. (त्याच दिवसांत सासूबाईंनीही बोलणे कमी केले होते आणि त्यांनाही जागा मानवली, असेच आम्ही समजत होतो.)

तो कसा बसत असे, हे आता मला अगदी नीट आठवते. निवांत बसलेले मांजर पुढचे पाय छातीखाली मुडपून घेते किंवा कुशीवर सैल पडते. त्याचे वजन जमिनीवर सोडलेले असते. गुळ्याचे चारही पाय अंगाखाली होते, पण पंजे गादीवर टेकलेले, उठून पळण्याच्या तयारीत असल्यासारखे. शेपूट अंगाला घट्ट गुंडाळलेले होते. मान खांद्यांत गेली होती, आणि डोळे मिटलेले असले तरी कान झोपलेले नव्हते. लिफ्टचे दार वाजले की ते मागे वळत, जिन्यात पाऊल वाजले की बाजूला पडत. मांजराच्या शरीरावरून त्याचा ताण मोजण्याची एक सात पायऱ्यांची श्रेणी केसलर आणि टर्नर या अभ्यासकांनी 1997 मध्ये मांडली आणि ती आजही वापरली जाते. पोट, पाय, शेपूट, डोके, डोळ्यांच्या बाहुल्या, कान, मिशा, श्वास अशा गोष्टी एकेक पाहून त्यात अंदाज बांधला जातो. ती वाचताना मला गुळ्याचे ते सोफ्यावरचे दिवस ओळीने आठवत गेले. बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आणलेली मांजरे पुष्कळदा झोपेचे सोंग घेतात, हेही तेव्हाच वाचले. मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो आणि त्यात त्याची लबाडी पाहतो. मिटलेल्या डोळ्यांमागे भीती असू शकेल, ही शक्यता आपल्या म्हणींना फारशी सुचलेली दिसत नाही.

यामागचे कारण फार जुने आहे. आपले घरातले मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातले. ते एकटे शिकार करणारे जनावर, आणि आकाराने इतके लहान की स्वतःही कोणाची तरी शिकार होऊ शकते. कळपातल्या जनावराची हाक ऐकणारे कोणी तरी असते. एकट्या जनावराने विव्हळणे म्हणजे शत्रूला आपला ठावठिकाणा सांगणे. म्हणून मांजर भ्याले, आजारले, दुखावले तरी आधी गप्प होते. आपल्या घरात त्याला कोणी खाणार नसले तरी त्याच्या रक्ताला ते ठाऊक नसते.

डिसेंबरच्या मध्यावर एके सकाळी माझी गादी ओली सापडली. चार दिवसांनी बैठकीच्या खोलीतला पडद्याखालचा कोपरा, मग पुन्हा गादी, मग बाल्कनीच्या दाराची चौकट. वाड्यात परसातल्या मातीत जाणारा गुळ्या इथे बाल्कनीतल्या ट्रेमध्ये व्यवस्थित जात होता, त्यामुळे हे मुद्दाम चालले आहे असा माझा समज झाला. मांजर डूख धरते, घर बदलल्याचा राग काढते, असे शेजारच्या बाईंनी सांगितले आणि ते मला पटलेही. मी त्याला ओल्या गादीपाशी नेऊन रागावले. त्याने कान डोक्याला चपटे लावले, जिभेने भरभर नाक चाटले आणि माझ्याकडे न पाहता तो पलंगाखाली गेला. मग मी सगळ्या घराची फरशी दिवसातून दोन वेळा भरपूर फिनाईल घालून पुसून घेऊ लागले. त्याच्यावर हात उगारला नाही, एवढेच मी माझ्या बाजूने सांगू शकते. बाकी त्या पंधरा दिवसांत मी जे जे केले, ते त्याचे हाल वाढवणारेच होते, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

जानेवारीतल्या एका रात्री, कडाक्याच्या थंडीत, मी पाणी प्यायला उठले तेव्हा न्हाणीघरात दिवा लावताच तो दिसला. मोरीच्या कोपऱ्यात तो पाठ कमानीसारखी करून बसला होता. पोट आवळत होते, शेपटीचे टोक थरथरत होते, आणि बाहेर काही येत नव्हते. तो दोन पावले सरकला, पुन्हा तसाच बसला. पांढऱ्या टाइलवर त्याच्यामागे दोन थेंब राहिले होते. मला वाटले गंज असेल, म्हणून मी बोटाने पुसून पाहिले, तर ते गुलाबी होते. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, कान बाहेरच्या बाजूला वळलेले होते, मिशा ताठ सरळ झाल्या होत्या, आणि तरीही मी जवळ बसताच त्याच्या छातीतून घरघर सुरू झाली. ती घरघर ऐकून मला क्षणभर बरे वाटले होते. मांजर सुखात असतानाच घुरघुरते असे नाही. वेदनेतही, स्वतःला धीर देत असल्यासारखे, ते घुरघुरते, हे डॉक्टरांनी मला सकाळी सांगितले.

पहाटे आम्ही त्याला दवाखान्यात नेले. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो आणि तो सूज, चिकट स्राव किंवा खड्यांनी तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, कारण बाहेर पडायला हवी ती विषारी द्रव्ये आणि पोटॅशियम रक्तात साठत जाऊन हृदय थांबते. गुळ्याला भूल देऊन नळी घातली, सलाइन लावले, आणि तीन दिवस तिथेच ठेवले. चौथ्या दिवशी अहवाल घेऊन बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की खडा नाही, जंतुसंसर्ग नाही, मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला मात्र सूज आहे. मग त्यांनी विचारले, घरात अलीकडे काय बदलले? औषधाची चिठ्ठी मिळेल म्हणून पुढे केलेला माझा हात तसाच राहिला.

माझा विश्वास बसायला वेळ लागला. घर बदलल्याने मन उदास होईल, पण लघवीतून रक्त कसे येईल? पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचले. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी अनेक वर्षे याच दुखण्याचा अभ्यास केला. 2011 मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी 32 मांजरांचे 77 आठवडे निरीक्षण केले. त्यांपैकी 20 मांजरांना हे मूत्राशयाचे दुखणे होते आणि 12 निरोगी होती. देखभाल करणारी माणसे बदलली, खाण्याच्या वेळा चुकल्या, नेहमीचा क्रम मोडला की आजारी मांजरांच्या जोडीने निरोगी मांजरेही उलट्या करू लागली, खाणे टाकू लागली, ट्रेबाहेर जाऊ लागली. म्हणजे मांजराच्या बाबतीत रोजचा क्रम हीच तब्येत. मेंदूला धोक्याचे इशारे दिवसरात्र मिळत राहिले तर मज्जातंतूंमार्फत ते मूत्राशयाच्या अस्तरापर्यंत पोहोचतात, आणि मग लघवी करताना आग होते. ज्या ट्रेमध्ये आग होते तो ट्रे मांजर टाळते, आणि मऊ, गार, आपल्या माणसाचा वास असलेली जागा शोधते. माझ्या गादीवर डूख नव्हता धरलेला. त्याला दुखत होते, आणि दुखत असताना तो माझ्या अंथरुणाकडे आला होता.

डॉक्टरीणबाईंनी मला एक वही करायला सांगितली. गुळ्या कुठे बसतो, किती वाजता, तोंड कोणत्या दिशेला असते, किती खातो, कुठे लघवी करतो, कशाने दचकतो, एवढेच आठवडाभर लिहायचे होते. हे काम मी मन लावून केले. पहिल्याच दिवशी त्याला उताणा होऊन पडलेला पाहिले आणि दिसले की त्याच्या पोटावर, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला केसच नाहीत. गुलाबी कातडी उघडी पडली होती आणि तिथे उरलेले केस दाढीच्या खुंटांसारखे आखूड तुटलेले होते. तो फार स्वच्छ राहतो, सारखा अंग चाटतो, असे मीच कौतुकाने सांगत असे. ते चाटणे स्वच्छतेचे नव्हते.

चौथ्या दिवशी वहीतल्या नोंदी एकाखाली एक वाचताना लक्षात आले की गादी सोडली तर ओल्या सगळ्या जागा एकाच भिंतीच्या होत्या: पडद्याखालचा कोपरा, बाल्कनीच्या दाराची चौकट, त्या दारालगतची चपलांची मांडणी. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे आणि त्या बाजूला पार्किंगचा पत्रा येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी दिवा न लावता पडद्याआड उभी राहिले. पत्र्यावर एक काळा-पांढरा, जाड मानेचा बोका येऊन बसला. त्याला काही करायचेच नव्हते. तो फक्त आमच्या काचेकडे टक लावून बसला होता. माझ्या पायांपाशी गुळ्या जमिनीसरपट झाला होता आणि त्याच्या पाठीची कातडी लाटेसारखी हलत होती. आणि त्याच काचेला लागून, त्या बोक्याच्या नजरेसमोर, वॉशिंग मशीनच्या धडधडाटाशेजारी, आम्ही गुळ्याचा ट्रे ठेवला होता.

उपाय साधे निघाले. काचेच्या खालच्या निम्म्या भागाला दुधी फिल्म चिकटवली. ट्रे तिथून हलवून मुलाच्या रिकाम्या खोलीत नेला आणि दुसरा एक पॅसेजमध्ये ठेवला, कारण जितकी मांजरे त्याहून एक ट्रे अधिक, हा जाणकारांचा हिशेब आहे. खाणे आणि पाणी एकमेकांपासून आणि ट्रेपासून लांब नेले. फिनाईल कायमचे बंद केले. फिनॉल गटातली द्रव्ये शरीरातून निचरून टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते; फरशीवरून ती पंजांना लागतात आणि पंजे चाटताना पोटात जातात. याच कारणाने माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते; ही गोष्ट मी भेटेल त्या मांजरवाल्या घरात सांगते. कपाटांपैकी एकाच्या वरचा कप्पा सुताराकडून काढून घेतला आणि तिथे, छताखाली, एक द्राक्षांची पेटी आडवी ठेवली. फेब्रुवारीत आमच्याकडे पुठ्ठ्याच्या पेट्यांना काय तोटा! आत वाड्यातल्या गाद्यांच्या वळकटीतले एक जुना अभ्रा, न धुता. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी निवाऱ्यात आलेल्या 19 मांजरांपैकी 10 मांजरांना लपायला खोके दिले आणि 9 मांजरांना दिले नाही. खोकेवाली मांजरे फार लवकर सावरली. ते वाचून मला माळा आठवला. आमच्या घरात त्याला द्यायचा राहून गेलेला तो एकच कोपरा होता.

अलीकडे ओळखीची माणसे मला विचारतात की आपल्या मांजराला ताण आहे हे ओळखायचे कसे, आणि त्यांना एखादे ठळक लक्षण हवे असते. असे एकच लक्षण मला सांगता येत नाही. कोणी लपून बसते, कोणी सारखे पायांत येते. कोणी खाणे सोडते, कोणी अधाशासारखे खाते. कोणी अंग चाटून टक्कल पाडते, तर कोणी चाटणेच सोडते आणि त्याच्या पाठीवर गाठी होतात. आपल्या मांजराचे नेहमीचे वागणे आपल्याला तोंडपाठ असेल, तरच त्यातला बदल दिसेल. चेहऱ्यावरची वेदना वाचण्यासाठी मात्र 2019 मध्ये कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी एक पट्टी तयार केली आहे; कान, डोळे, नाका-तोंडाजवळचा ताण, मिशा आणि डोक्याची उंची अशा पाच गोष्टी त्यात पाहायच्या असतात, आणि थोड्या सरावाने ते कोणालाही जमते. दोन प्रसंगी मात्र निरीक्षण करत बसू नये. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर रात्र असली तरी निघावे. आणि मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दोन दिवस काही खाल्ले नसेल तर थांबू नये, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते आणि ते निकामी होऊ लागते.

मार्चमध्ये रंगपंचमी आली. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगपंचमीला रंगीत पाण्याने भरायचे जुने हौद, उघडल्या गेल्या असतील, तिवंधा चौकात उड्या पडत असतील. आमच्या सोसायटीतही सकाळपासून मोठा स्पीकर लागला होता. पहिला ठोका पडताच गुळ्या सोफ्यावरून उठला, खुर्ची, टेबल, कपाट असा चढत गेला आणि द्राक्षांच्या पेटीत दिसेनासा झाला. आम्ही त्याला हाक मारली नाही. साडेपाचला, सगळे शांत झाल्यावर, तो आळोखेपिळोखे देत खाली उतरला आणि सासूबाईंनी बशीत काढून ठेवलेल्या चमचाभर सायीकडे गेला. दूध-साय मोठ्या मांजराला सहसा पचत नाही, हे मी त्यांना सांगितले आहे; त्या दिवशी पुन्हा सांगितले नाही.

मांजराच्या गालांत गंधाच्या ग्रंथी असतात. जिथे त्याला सुरक्षित वाटते तिथे ते गाल घासते, आणि तिथे गाल घासल्याने त्याला ती जागा अधिक आपली वाटते. 1990 च्या दशकात फ्रान्समधल्या एका पशुवैद्यकाने या स्रावाचे पाच प्रकार वेगळे केले आणि त्यातल्या एकाचा कृत्रिम गंध आता बाजारात मिळतो. खांबावरचा तो डाग म्हणजे आमच्या वाड्यातल्या मांजरांनी एकावर एक लिहून ठेवलेला हाच गंध होता, आणि नव्या घरात गुळ्या जे काही लिहीत असेल ते मी रोज दोन वेळा फिनाईलने पुसून टाकत होते.

गेल्या आठवड्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला हाक मारून स्वयंपाकघराच्या दाराशी नेले. चौकटीच्या उजव्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पांढऱ्या रंगावर बोटभर पिवळसर सावली धरली होती. कपड्याला साबण लावून त्या खाली वाकल्याही होत्या. मी म्हणाले, मावशी, तेवढे राहू द्या.